पोळ्यापासून होळीपर्यंत : वऱ्हाडातील मुलांचे हातकाम आणि खिरापत

अकोल्याहून पातूरमार्गे वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालेगाव तालुक्यात मेडशी हे गाव लागते. या परिसरात काळ्या मातीची शेते आणि साग-पळसाचे रान ही दोन्ही हाताशी असल्यामुळे मुलांच्या खेळण्यांना आणि खाऊला लागणारा बहुतेक कच्चा माल येथे विकत घ्यावा लागत नाही. सुटीत मुलांना कशात गुंतवावे, हा प्रश्न आजचे पालक विचारतात आणि बाजार त्याला रंगीत मातीचे डबे व तयार साहित्याचे संच पुढे करून उत्तर देतो; परंतु वऱ्हाडातील सणांच्या क्रमात हेच उत्तर पूर्वीपासून गुंफलेले आहे, आणि त्यात हाताचे काम व तोंडाची चव ही दोन वेगळी प्रकरणे मानलेली नाहीत.

या क्रमाचा आरंभ पोळ्याने होतो. श्रावण अमावास्येला शेतकरी आपल्या बैलांचा सण साजरा करतो, तर दुसऱ्या दिवशी येणारा तान्हा पोळा हा विदर्भातील मुलांचा स्वतःचा पोळा असतो. त्या दिवशी मुले लाकडी किंवा मातीचे बैल सजवून घरोघर नेतात आणि त्यांना ‘बोजारा’, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतात. चाकांचा लाकडी बैल आता सर्रास विकत मिळतो, पण शिक्षणाच्या दृष्टीने मातीच्या ओबडधोबड बैलाचे मोल त्याहून फार अधिक आहे, कारण तो घडवताना मुलाला मातीचा स्वभाव ओळखावा लागतो. काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात शेतांना भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीचा बैलही याच कारणाने वाळताना तडकतो. यावर उपाय म्हणजे चाळलेल्या मातीत थोडी बारीक वाळू, राख आणि पिंजलेला कापूस किंवा भिजवून कुटलेला कागद मिसळणे. वाळू व राख आकसणे कमी करतात आणि कापसाचे तंतू माती धरून ठेवतात. पायांसाठी तुऱ्हाट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे, तुकडे आत घालावेत आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत सावकाश वाळवावा. एक बैल निव्वळ मातीचा आणि दुसरा मिश्रणाचा करून दोन्ही शेजारी ठेवले, तर शाळेत पुढे शिकायचा मृदाशास्त्राचा एक धडा मुलाला घराच्या ओसरीवरच मिळतो.

पोळ्यानंतर पंधरवड्याने, भाद्रपद पौर्णिमेला, भुलाबाई बसते. शंकर-पार्वतीची भिल्ल-भिल्लिणीच्या रूपातील ही मातीची जोडी, भुलोजी आणि भुलाबाई, कोजागिरीपर्यंत महिनाभर घरात असते आणि मुली रोज सायंकाळी तिच्यापुढे टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा आणि खानदेशातील गुलाबाई ही याच कुळातील व्रते होत. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांची, म्हणजे कणसासह उभ्या ताटांची, खोपी करून तीत ही जोडी ठेवण्याची रीत आहे, आणि धांडे तोलून त्यांचे शेंडे एकत्र बांधणे हे काम मोठ्यांनी हिसकावून घेतले नाही, तर मुली ते उत्तम करतात.

गाण्यांनंतरची खिरापत हा या व्रतातील सर्वांत कल्पक भाग मानावा लागेल. घरातील बाई खाऊचा डबा झाकून आणते आणि मुलींनी तो ओळखायचा असतो. गोड की तिखट, कोरडे की ओले, डबा हलवल्यावर आवाज कसा येतो, फोडणीचा वास येतो की वेलचीचा, असे प्रश्न विचारत मुली उत्तरापर्यंत पोहोचतात. कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने आखलेला ज्ञानेंद्रियांचा व्यायाम याहून सरस ठरणार नाही. ओळखता येऊ नये म्हणून यजमान घर रोज नवा पदार्थ शोधते, त्यामुळे खिरापतीत साधे पण नाना प्रकारचे पदार्थ आले : फोडणीचे मुरमुरे, वाटली डाळ, खोबरे-साखर, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाण्याचे लाडू.

यांपैकी शेंगदाण्याचा लाडू आठ-नऊ वर्षांचे मूल जवळजवळ एकट्याने करू शकते. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर भाजण्याचे काम मोठ्यांनी करावे. ते गार झाल्यावर हातांवर चोळून साले काढणे आणि सुपात पाखडून ती उडवणे हे काम मुलांचे. नंतर दाणे जाडसर कुटून त्यात एक वाटी चिरलेला गूळ घालून पुन्हा कुटले, की दाण्यांचे तेल सुटते आणि पाक न करता, तूप न घालता लाडू वळले जातात. तेल कोठून आले, हे मुलाने विचारावे म्हणूनच कुटणे मिक्सरपेक्षा खलबत्त्यात करावे. फार लहान मुलांच्या हाती अख्खे दाणे मात्र देऊ नयेत, कारण ते घशात अडकण्याचा धोका असतो.

हिवाळ्यात स्वयंपाक चुलीबाहेर, शेतात जातो. जाडसर कणकेत मीठ, ओवा आणि थोडे तेल घालून घट्ट मळलेला गोळा पळसाच्या दोन पानांमध्ये थापून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजला, की त्याला ‘पानगे’ म्हणतात. वांग्याची भाजी, वरण आणि तूप यांच्यासह ते खाल्ले जातात. पाने धुणे, पुसणे आणि गोळे थापणे ही कामे मुलांकडे द्यावीत, आणि भाजल्यानंतर करपलेले पान सोलताना शिरांची जी जाळी कणकेवर उमटलेली दिसते, ती त्यांना निरखू द्यावी. शहरातील घरात झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवरही पानगे होतात, फक्त धुराची चव येत नाही.

पानझडीनंतर पळस फुलतो तेव्हा होळी जवळ आलेली असते. मुले शेणाच्या, मधोमध भोक ठेवलेल्या छोट्या ‘चाकोल्या’ थापून वाळवतात आणि त्यांच्या माळा ओवून होळीला वाहतात. रंगासाठी झाडाखाली गळून पडलेली पळसफुले पुरेशी असतात. दोन-तीन ओंजळी फुले रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळली आणि गाळली, की केशरी रंग तयार होतो. चुन्याने तो गडद होतो, परंतु चुना डोळ्यांना घातक असल्याने खेळायच्या रंगात तो टाळावा.

परिसरातील साध्या वस्तूंना शिक्षणात असे स्थान देण्याचा विचार महाराष्ट्राला अपरिचित नाही. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातकामाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवणारी ‘नई तालीम’ मांडली. वैवाहिक जीवनाचा काही काळ अमरावतीत घालवलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बाल शिक्षण संघाची उभारणी केली आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाने, फुले आणि बिया वापरून बालवाड्या चालवल्या. त्यांना जे प्रयत्नपूर्वक जुळवावे लागले, ते वऱ्हाडातील सणांत सहजपणे उपलब्ध होते.

आज अडचण आहे ती साहित्याची आणि वेळेची. ट्रॅक्टर आल्यामुळे अनेक गोठ्यांतील बैल गेले आणि सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यामुळे भुलाबाईच्या खोपीसाठी पाच धांडेही शोधावे लागतात. वेळेचा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या परीने सोडवायचा आहे. ज्वारीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. मेडशी परिसरातील ज्या शेतकऱ्यांच्या घरात लहान मुले आहेत, त्यांनी येत्या मृगात सोयाबीनच्या धुऱ्यालगत ज्वारीची दोन तासे अवश्य पेरावीत. त्यांतून हुरडा, लाह्या, भुलाबाईची खोपी आणि उरलेल्या धांड्यांच्या भेंडांतून मुलांना खेळायला एखादी बैलगाडी, एवढे सारे निघते.