गल्ल्याच्या आधी रांग

गोल्फ कोर्ससाठी सॉफ्टवेअर निवडायला बसलेली मंडळी बहुधा बिलापासून सुरुवात करतात. प्रो-शॉपमधले (कोर्सवरच्या दुकानातले) हातमोजे, कॅफेतलं सँडविच आणि मैदानावर फिरायच्या बगीचं भाडं एकाच बिलात येतं का? महिन्याला पैसे किती? विचारायलाच हवं हे. पण कोर्सचा खरा माल वेळ आहे. चौघांच्या गटाने पहिला फटका मारायची ठरलेली वेळ म्हणजे टी-टाइम. सकाळी 7.40चा टी-टाइम रिकामा गेला, की तो उद्या विकता येत नाही. विमानाच्या जागांसाठी घडलेलं उत्पन्न-व्यवस्थापनाचं शास्त्र गोल्फलाही लागू पडतं, असं कॉर्नेल विद्यापीठाच्या शेरिल काइम्स यांनी 2000मध्ये मांडलं. दोन वर्षांनी त्यांनी ली श्रुबेन यांच्यासोबत दोन गटांमधल्या वेळेच्या अंतराचा संगणकीय सिम्युलेशनने अभ्यास केला.

सगळी मेख त्या अंतरातच आहे. बुकिंगच्या सेटिंगमध्ये दहाच्या जागी आठ मिनिटं टाकली, की तासाला सहाऐवजी साडेसात गट सुटतात. सहा तासांत नऊ गट, म्हणजे 36 खेळाडू जास्त. कागदावर कमाई वाढली! मैदानावर मात्र पार-3चा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, छोटा होल आडवा येतो. लांब होलवर पुढचा गट दूर गेला, की मागच्याला फटका मारता येतो, त्यामुळे तिथे एका वेळी दोन गट मावतात. पार-3वर पहिल्याच फटक्यात चेंडू ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, पोचू शकतो. म्हणून पुढच्या चौघांनी चेंडू खळग्यात घालून ग्रीन सोडेपर्यंत मागच्यांना थांबावंच लागतं. पुढच्यांना त्यासाठी दहा मिनिटं लागतात असं धरा. दर आठ मिनिटांनी गट येत राहिले, तर प्रत्येक गट आधीच्यापेक्षा दोन मिनिटं जास्त ताटकळतो. तिसाव्या गटाच्या वाट्याला जवळजवळ तासभर उभं राहणं येतं. तासाला बाहेर पडणारे गट तरीही सहाच.

याचा हिशेब बग्यांपर्यंत जातो. आत किती जण आहेत, हे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ यावरून कळतं, हा नियम जॉन लिटल यांनी 1961मध्ये सिद्ध केला. दर दहा मिनिटांनी एक गट आणि साडेचार तासांचा खेळ, तर मैदानावर एका वेळी 27 गट असतात. गटाला दोन बग्या धरल्या तर 54 लागल्या. तोच खेळ साडेपाच तासांवर गेला, तर गट 33 होतात आणि बग्या 66. म्हणून माझ्या मते प्रत्येक गटाचा सुरुवातीची आणि शेवटची वेळ नोंदवून ठेवणारं साधं सॉफ्टवेअर चकचकीत बिलाच्या पडद्यापेक्षा मोलाचं. ती नोंद असेल तरच अंतर ठरवता येतं.

दुसरा प्रश्न न्यायाचा, आणि सार्वजनिक कोर्सवर तो टाळता येत नाही. लॉस एंजेलिसमध्ये शहराच्या मालकीच्या कोर्सवरचे टी-टाइम दलाल पटकावून चढ्या भावाने विकतात, अशी ओरड 2024मध्ये झाली. पालिकेने माणशी 10 डॉलरची परत न मिळणारी अनामत लावली. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांसाठी धडपडलेल्या आपल्या वाचकाला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. दलालाची ताकद वेगात असते. तो खोट्या नावाने जागा अडवतो, गिऱ्हाईक मिळालं की रद्द करतो आणि त्याच क्षणी गिऱ्हाइकाच्या नावाने पुन्हा पकडतो. रुस्तमजान हकीमोव्ह आणि सहकाऱ्यांनी 2021मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त यावर तोडगा दाखवला. ठरावीक मुदतीत सगळे अर्ज गोळा करा, मग सोडत काढा आणि रद्द झालेली जागा पुढच्या सोडतीत टाका. अडवलेली जागा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याची खात्रीच राहत नाही, मग धंदा कसला? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर सोडतीची पद्धत आहेच. जनतेच्या पैशावर उभ्या असलेल्या मैदानासाठी सोडतीची सोय नसलेलं सॉफ्टवेअर घेऊच नये, असं मला ठामपणे वाटतं.

आणि गल्ला, म्हणजे बिलाची बाजू? त्याची परीक्षा पावसात घ्यावी. विक्रेता नमुना दाखवायला आला, की त्याला एक प्रसंग द्या. चौघं सातव्या होलनंतर वादळामुळे परतले. एकाने रोख दिले होते, दुसऱ्याने आगाऊ ऑनलाइन, तिसऱ्याचं सभासद-खातं, चौथ्याचं भेटकार्ड. उरलेल्या 11 होलचा परतावा कराचा हिशेब करून प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या मार्गाने द्या म्हणावं. मग इंटरनेटची तार काढा आणि पुढचं बिल करायला लावा. तार परत जोडल्यावर तेच बिल दोनदा चढतं का, ते बघा. शेवटी एकच उरलेली जागा काउंटरवरून आणि मोबाइलवरून एकदम मागा. ‘जागा आहे का’ हे तपासणं आणि ती नावावर करणं या दोन क्रिया अखंड एकच व्यवहार म्हणून झाल्या नाहीत, तर दोघांनाही होकार जाऊ शकतो. व्यवहार असे अभंग ठेवण्याच्या संशोधनासाठी जिम ग्रे यांना 1998चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. ते शास्त्र आज प्रत्येक चांगल्या डेटाबेसमध्ये तयार असतं. समोरच्या विक्रेत्याने ते वापरलंय का, हे सही करण्याआधी त्याच टेबलावर कळतं.