पांढरं दिसतं ते सगळं हाड नसतं

माझ्या आपाच्या नडगीचं हाड मोडलं आणि आठ महिने झाले तरी जुळेना. अखेर डॉक्टरांनी तिच्या कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढला, त्यात कृत्रिम हाडाचे दाणे मिसळले आणि ती भर फटीत बसवली. यालाच बोन ग्राफ्ट म्हणतात. सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला. फट पांढरीशुभ्र! मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, जुळलं की हाड!" ते हसले. म्हणाले, "ते पांढरं आम्हीच भरलंय."

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. मग विचारत, वाचत गेलो. जेवढं उमगलं तेवढं सांगतो.

क्ष-किरणांचा शोध राँटजेन यांनी १८९५ साली लावला. हाडातलं कॅल्शियम हे किरण अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. कृत्रिम दाणेही बहुधा कॅल्शियम फॉस्फेटचेच. तेही पांढरेच दिसणार! म्हणून डॉक्टर दाण्यांच्या कडा पाहतात. आधी त्या ठळक असतात. नवं हाड आत रुजू लागलं, की हळूहळू पुसट होतात.

पण एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. पुढचं-मागचं सारं एकावर एक. सीटी स्कॅन पावाच्या कापांसारखे छेद दाखवतो. या तंत्राने पहिला रुग्ण १९७१ साली इंग्लंडमध्ये तपासला गेला. फटीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हाडाचा पूल सलग आहे का, हे त्यात कळतं. मात्र आत धातूची पट्टी असेल, तर चित्रात रेघा उमटतात.

या दोन्ही तपासण्या रचना सांगतात. तिथे हाड घडतंय का, हे बोन स्कॅन सांगतो. शिरेतून टेक्नेशियमचं किरणोत्सारी औषध देतात. जिथे रक्त पोहोचतं आणि नवं हाड तयार होतं, तिथे ते जास्त साठतं. पण जंतुसंसर्ग झाला तरी साठतं. म्हणजे एकट्या त्याच्यावरही विसंबता येत नाही.

नवे ग्राफ्ट पदार्थ प्रयोगशाळेत पारखताना मायक्रो-सीटी वापरतात. केसाहून बारीक तपशील त्यात दिसतो. तरी हाड आणि दाणा यांची घनता सारखी असली, की संगणकही फसतो. मग नमुन्याचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. चालत्या-बोलत्या माणसाच्या पायाचे असे काप कसे काढणार?

आपाचा प्रश्न एकच होता, "पाय कधी टेकू?" डॉक्टर दर खेपेला फिल्म उजेडात धरत. मग फटीच्या जागी अंगठ्याने दाबून विचारत, "दुखतंय?" चार महिने ती "हो" म्हणाली. पाचव्या महिन्यात फिल्ममध्ये दाण्यांच्या कडा विरल्या होत्या. डॉक्टरांनी दाबलं. आपा माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही रे, नाही दुखत."

त्या दिवशी तिने पाय टेकला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)