विहिरीच्या रहाटाला एरंडेलाचे वंगण



रहाट कुरकुरू लागला की ट्रॅक्टरमधून काढलेले काळे ऑईल त्यावर ओतले जाते. रहाट मुकाट फिरतो, पण तेच ऑईल थेंबाथेंबाने विहिरीत पडते. त्यात धातूचे बारीक कण व इतर विषारी द्रव्ये असतात. तेच पाणी पुढे घरात व गोठ्यात जाते.

रहाटाला एरंडेल बरे. ते मुळातच दाट, लोखंडाला धरून राहते आणि सांडले तरी मातीतले जंतू ते कुजवून टाकतात. इंग्लंडमध्ये १९०९ साली निघालेल्या एका वंगणाचे 'कॅस्ट्रॉल' हे नाव एरंडेलावरूनच पडले.

वंगण असे करा: चार भाग एरंडेल, एक भाग मधमाशांचे मेण. भांडे उकळत्या पाण्यात ठेवून मेण विरघळवा, ढवळा व निवू द्या. जुने वंगण फडक्याने पुसून मगच नवे लावा.

तळणीचे उरलेले तेल गाळून विळे, कुदळी, फावड्यांना पुसावे. गंज लवकर चढत नाही. करडई व जवसाचे तेल मात्र वाळून चिकट होते. ते रहाटाला नको.

हे घरगुती वंगण इंजिनात किंवा गिअरपेटीत कधीही घालू नका. एरंडीची पेंड विषारी असते. ती जनावरांना न घालता शेतात खत म्हणून वापरा. आणि काळे ऑईल? ते झाकणाच्या डब्यात साठवा, विहिरीपासून दूर ठेवा व जुने ऑईल विकत घेणाऱ्याला द्या.