पाण्याचा ताळेबंद कोण मांडणार?

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. हंडे-घागरी घेऊन रात्री जागवणाऱ्या आयाबहिणींना थोडा दिलासा मिळाला. पण ही पाळी आलीच का? पाऊस कमी पडला हे खरे. तरी सारा दोष आभाळावर ढकलून चालणार नाही.

आम्हा कारकुनांना जमाखर्चाची सवय, म्हणून हिशेबच मांडतो. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४ हजार लिटर पाणी जमा होते. ४०० मिलिमीटरचे झाले १६ लाख लिटर. आता खर्च पाहा. वर्ष-दीड वर्ष रानात उभ्या राहणाऱ्या उसाला पाटाने भिजवले, तर पाऊस धरून सुमारे २००० मिलिमीटर, म्हणजे एकरी ८० लाख लिटर पाणी लागते. लातूरच्या तशा सोळा रेल्वेगाड्या एका एकरात जिरल्या! ठिबकने हा खर्च घटतो. ज्वारी, तूर, हरभरा तर याच्या कितीतरी कमी पाण्यात येतात.

जमेच्या बाजूलाही गळती आहे. डोंगर बोडका झाला की पाऊस मातीला थेट झोडपतो. पाणी मुरत नाही, मातीसकट ओढ्याने वाहून जाते. उघडी जमीन उन्हात तापते आणि भोवतालची हवाही तापवते. उलट गवत-झाडे पावसाचा मार झेलतात, मुळांच्या वाटेने पाणी जमिनीत उतरवतात आणि पानांतून वाफेच्या रूपाने काही हवेला परत देतात. झाडोऱ्यात गारवा असतो तो यामुळेच.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे ओळखले. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे श्रमदानातून डोंगरावर चर खोदले गेले, बांध घातले गेले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू झाली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे गावाने ठरवले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची.

येथे एक गोष्ट विसरू नये. चराईबंदीचा पहिला फटका भूमिहीनाच्या शेळीला बसतो. हिवरे बाजारात गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली गेली. अशी सोय न करता बंदी लादली, तर डोंगर हिरवा होईल, पण गरिबाची चूल विझेल. ज्याच्याकडे विहीर नाही, मोटार नाही, त्याचाही जमिनीखालच्या पाण्यावर हक्क आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेला घरी बसू नका. भगिनींनी तर आवर्जून जावे, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. उभे राहून एवढेच विचारा : यंदा पाऊस किती जमा झाला, तो कोणाच्या शेतात खर्च झाला, आणि आमच्या घागरीसाठी शिल्लक किती?