बुवा, टाळकरी आणि ट्रम्पेट

भोर-वेल्ह्याकडच्या भजनात बुवा एक ओळ म्हणतात आणि टाळकरी ती झेलतात. अमेरिकन लोकप्रिय संगीत समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करू. १९३०च्या दशकातल्या स्विंग बँडमध्ये सॅक्सोफोनवाले एक वाक्य वाजवत, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले त्याला उत्तर देत. कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनातून आणि कष्टाच्या गाण्यांतून आलेली ही रीत.

फरक पुढे आहे. आपले टाळकरी सगळे एकच चाल म्हणतात. कुणी वर, कुणी खाली, पण चाल तीच. तिकडच्या समूहगायनात बायकांचे दोन, पुरुषांचे दोन असे साधारण चार गट असतात आणि एकाच क्षणी चौघांचे सूर वेगळे. चाल एकाकडे, बाकीचे तिला आधार देतात. हीच हार्मनी. त्यात वाद्यवृंद आला की नुसत्या पाठांतरावर भागणं अवघड. प्रत्येकाचा कागद कुणीतरी लिहावा लागतो. तो लिहिणारा म्हणजे अरेंजर.

मुंबईत हे काम बरंचसं गोव्याच्या वादकांनी केलं. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं लहानपणीच स्टाफ नोटेशन वाचायला शिकत. १९३५मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजला, आणि जॅझ या वादकांच्या कानात भरला. अल्दोण्याचे चिक चॉकलेट (खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ) यांना तर लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी त्यांना सोबत घेतलं. १९५१च्या ‘अलबेला’त तो स्विंग भगवानदादांच्या पावलांत उतरला. वरातीतला बँड ही गाणी वाजवतो, तेव्हा ती किती लांबून आलीत बघा!

आम्हाला खटकतं ते वेगळंच. रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव छापलं जाई, अरेंजरचं बहुधा नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात मोठा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. व्हायोलिनचे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूंचं नाव एका गाण्यात घातलं. गाणं साऱ्या तालुक्याला येतं. ते नाव एका खऱ्या वादकाचं आहे, हे फार थोड्यांना.

घरी गेल्यावर ‘अलबेला’ पुन्हा लावा. भगवानदादांवरून नजर काढणं कठीणच, पण क्षणभर वाजवणाऱ्यांकडे बघा. चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड तिथे पडद्यावर आहे.