प्रोसेसर-शीतन

निर्धारित कंप्रतेपेक्षा अधिक कंप्रतेवर चालविलेल्या संगणक-प्रोसेसरमधील जादा उष्णता काढून टाकण्याची क्रिया. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती साधारणतः कंप्रता व विद्युत् दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दोन्ही १०% वाढविल्यास ती सु. ३३% वाढते. उष्णतावाहक लेप, धातूची पाती व पंखा यांच्याद्वारे उष्णता हवेत जाते; त्यामुळे प्रोसेसर भोवतालच्या हवेहून थंड होऊ शकत नाही. २५° से. हवेत ७०° से. असणारा प्रोसेसर तेवढ्याच भाराखाली बीड जिल्ह्यातील उन्हाळ्याच्या ४२° से. हवेत सु. ८७° से. पर्यंत तापतो. सुरक्षित मर्यादा गाठताच तो स्वतःची कंप्रता उतरवितो व वाढविलेल्या गतीचा लाभ संपतो. द्रव-शीतनातही उष्णता अखेर हवेतच सोडावी लागते. म्हणून अशा प्रदेशात उन्हाळ्यात कंप्रता व दाब उतरविणे आणि पात्यांतील धूळ काढणे हेच मुख्य उपाय होत.