विसाव्याचे दुसरे घर

भावाचे लग्न ठरले की बहिणीच्या मनात आहेराचे, मानपानाचे विचार सुरू होतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या आईला मात्र पहिला प्रश्न पडतो तो मुलाला कोठे ठेवावयाचे हा. त्याला घास कुस्करून भरवावा लागतो, रात्रीतून तीन-चार वेळा कूस बदलून द्यावी लागते, आकडी आली तर ती किती मिनिटे टिकते हे घड्याळाकडे पाहून मोजावे लागते. शेजारीण मायाळू असते, पण आकडीच्या नुसत्या नावाने तिचे हातपाय गळतात. अखेर लग्नाला वडील एकटेच जाऊन येतात. अशी चुकलेली लग्ने, अंगावर काढलेली दुखणी आणि भावंडांच्या राहून गेलेल्या सहली यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

एकत्र कुटुंबात हा प्रश्न नव्हता, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ते अर्धसत्य होय. प्रश्न होताच, तो एखाद्या अविवाहित आत्याच्या किंवा सर्वांत धाकट्या सुनेच्या पदरी टाकून बाकीचे मोकळे होत असत, इतकेच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविध अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी साहाय्यास पात्र असे कार्यक्रम सांगताना विसाव्याच्या सेवेचा व प्रतिपालक कुटुंबाचा स्पष्ट निर्देश आहे. तथापि न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेने जो विसावा देऊ केला तो केंद्रातील, कुटुंबातील नव्हे. आईवडील असलेल्या मुलाला दुसऱ्या एखाद्या कुटुंबाने महिन्यातून दोन दिवस आपल्या घरी न्यावे, ही कल्पना आपल्या समाजात अद्याप रुजलेली नाही. ती प्रत्यक्षात कशी उतरते हे पाहण्यासाठी इंग्लंडकडे वळावे लागते.

तेथे लीड्स आणि सॉमरसेट या दोन ठिकाणी १९७६ साली अशा योजना सुरू झाल्या. तोवर थकलेल्या पालकांना बव्हंशी एकच मार्ग होता : मुलाला काही दिवस रुग्णालयाच्या वॉर्डात ठेवणे. त्याऐवजी साधे, नांदते घर हा पर्याय पुढे आला. अशा घराची जबाबदारी घेऊ इच्छिणाऱ्याने स्थानिक कौन्सिलकडे किंवा एखाद्या संस्थेकडे अर्ज करावयाचा असतो. तो विवाहित असलाच पाहिजे, त्याचे घर स्वतःच्या मालकीचे असलेच पाहिजे, अशी अट नाही. नोकरी सांभाळूनही हे काम करता येते. परंतु चौकशी कसून होते. समाजसेविका कित्येक महिने घरी येत राहते. अर्जदाराचे स्वतःचे बालपण कसे गेले, राग आला म्हणजे तो काय करतो, घरातील मुलांना हा पाहुणा चालेल काय, हे सारे विचारते. वैद्यकीय तपासणी होते, गुन्हेविषयक नोंदी पाहिल्या जातात, ओळखीच्यांची मते घेतली जातात. मग एक समिती शिफारस करते. परक्याच्या घरात इतके डोकावणे अनेकांना अपमानास्पद वाटते. पण ज्या मुलाला बोलून तक्रार करता येत नाही, त्याच्या बाबतीत ही चौकशी अपमान म्हणून नव्हे, त्याचे संरक्षण म्हणून पाहिली पाहिजे.

शिकावयाचेही पुष्कळ असते. मुलाला उचलण्याचे यंत्र कसे वापरावे, पोटात बसवलेल्या नळीतून अन्न कसे द्यावे, आकडी लांबली तर हिरडी आणि गाल यांच्या मध्ये औषध कसे सोडावे, हे प्रशिक्षणात समजते. बाकीचे आईकडून. मुलाने हात डोक्याकडे नेला म्हणजे त्याला तहान लागली आहे, की दिवा डोळ्यांवर येतो आहे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. म्हणून आधी एक चहा, मग एक दुपार, मग एक रात्र, अशा पायऱ्यांनी ओळख वाढवली जाते.

या व्यवस्थेतील एक नियम विशेष विचारार्ह आहे. एका वेळी १७ दिवसांहून अधिक किंवा वर्षभरात मिळून ७५ दिवसांहून अधिक काळ मूल या घरी राहिले, तर कायद्याच्या दृष्टीने तो विसावा उरत नाही. प्रत्येक मुक्कामानंतर मुलाने आपल्या घरी परतावयाचेच असते. प्रतिपालक हा आईवडिलांच्या जागी आलेला नसतो; पालकत्वाचे अधिकार त्यांचेच राहतात. नेमकी हीच गोष्ट समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते. ‘मूल टाकले’ असे लोक म्हणतील हे भय एक वेळ सोसता येईल, पण आई स्वतःच स्वतःला तसे म्हणत असते.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे, असे मात्र नव्हे. तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांची बहुसंख्य कुटुंबे कोलमडण्याच्या बेतात आली आहेत, असे मेनकॅप या संस्थेने २००३ मध्ये सांगितले. २००७ साली सरकारने अशा विसाव्यासाठी २८ कोटी पौंडांची तीन वर्षांची तरतूद जाहीर केली, आणि एप्रिल २०११ पासून तो देणे हे कौन्सिलांचे कर्तव्य ठरवले. त्याच वर्षी हा निधी वेगळा राखून ठेवण्याचे मात्र थांबले. शिवाय पाच वर्षांच्या हसऱ्या मुलीला घर लवकर मिळते. पंधरा वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या मुलाला मिळत नाही. ज्या आईची पाठ सर्वाधिक मोडलेली असते, तिच्या वाट्याला अशा रीतीने सर्वांत लांब प्रतीक्षा येते. मानधन बहुधा मूल जितक्या रात्री राहील तितक्यांचेच मिळते. तेव्हा अवघड मुलाकडे वळण्यास प्रतिपालकांना फारसे उत्तेजन राहत नाही, हे उघड आहे.

तरीही ही घरे टिकून आहेत. शुक्रवारी संध्याकाळी मुलाची पिशवी भरली जाते : औषधे, कपडे, लाडकी चादर आणि आईच्या हातची वही. त्या वहीत कोणता आवाज म्हणजे काय, ते लिहिलेले असते. पहिल्या रात्री बहुतेक आया झोपत नाहीत; दोनदा तरी फोन करतात. चौथ्या-पाचव्या खेपेला फोन येईनासा होतो, आणि वहीत प्रतिपालकाच्या अक्षरातील एखादी नोंद दिसू लागते. आईला ठाऊक नसलेला एखादा आवाज त्यात असतो.